तळघरातली लाल गाडी

८ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. ज्यांच्या हातांना काम नसतं ते डायऱ्या लिहितात, असं मी आजवर म्हणत आलो. पण काल एक गोष्ट घडली. ती माणसाला सांगण्यापेक्षा कागदाला सांगितलेली बरी.

तळघरातल्या गॅरेजमध्ये माझा हत्यारांचा फळा आहे. प्रत्येक हत्यार जिथे टांगायचं तिथे त्याची आकृती मी स्वतः पांढऱ्या रंगाने काढलेली आहे. डोळे मिटून हात घातला तरी बारा नंबरचा पाना बारा नंबरच्याच जागी मिळतो. काल एका गाडीचं इंजिन तासभर चालवून त्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि जे हवं होतं त्याचं नाव आठवेना. डोळ्यांसमोर वस्तू स्पष्ट दिसत होती, नाव नाही. गुन्व्होर जिन्यावरून म्हणाली, "काय शोधतोयस?"

"ते... फट मोजायचं. पातळ पट्ट्यांचं."

"फिलर गेज?" माझ्या बायकोला आठवलं! जिला पान्यातला आणि पकडीतला फरक मी लग्नानंतर सांगितला! ती हसली. मीही हसलो. मग खाली एकटाच स्टुलावर बसून राहिलो.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले. मग कॉफी साखरेच्या भांड्यात ओतायला लागले. आणि त्या आजाराच्या खोड्या तरी किती! हिवाळ्यात आम्हाला ओळखायचे नाहीत, आणि मे उजाडला की बोट पाण्यात ढकलून एकटे मासेमारीला जायचे, भरल्या डब्याने परत यायचे. आई म्हणायची, "उन्हाळ्यात हा माझा असतो." शेवटी वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे पहिल्याच महिन्यात इतके सुधारले की नर्सला रोज विचारायचे, मी बरा आहे, मला घरी का नेत नाहीत? शरदात घरी आणलं. जानेवारीत पुन्हा तेच. परत ठेवलं ते मग कायमचं.

ते तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. मी आता चोपन्नचा आहे.

म्हणून ठरवलं: रोज काय केलं ते लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी वाचायचं. वाचताना आठवलं तर ठीक.

१० जानेवारी

परवाचं वाचलं. सगळं आठवलं.

ओडलाइफ सकाळी त्याची लाल स्टेशन वॅगन घेऊन आला. शेजारीच राहतो, फेरीबोटीवरून निवृत्त झालाय. गाडी सोळा वर्षांची. गावातल्या वर्कशॉपात हल्ली गाडीला संगणक जोडतात आणि तो सांगेल ते बदलतात. हिच्यात पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारी एक पेटी आहे, पण बाहेरचा संगणक जोडायला जागाच नाही. तिथल्या पोरांनी हात वर केले. मग माझी आठवण झाली. मला कोणी शिकवलेलं नाही. मासळीच्या कारखान्यात पाळी संपवून घरी यायचो आणि मीटर घेऊन एकेक तार मोजायचो. आज गावात हे जुनं इंजेक्शन माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितो.

"कुठे बंद पडते?" मी विचारलं.

"फेरीच्या रांगेत. बाईसाहेबांना तेवढीच जागा आवडते. मागचे भोंगे वाजवतात, आणि बोटीवरची पोरं, माझ्याच हाताखाली शिकलेली, मला हात हलवून टाटा करतात."

"मग धक्का मारायला लाव की त्यांना."

"लावला ना! त्याचीच तर गावभर बोंब झाली. म्हणे, ओडलाइफ आता बोटीवर ढकलत ढकलत चढतो."

गाडी आत घेऊन चालू ठेवली. उभ्या गाडीत इंजिन एका सुरात चालायला हवं. हिचं दमेकरी जिना चढतो तसं चालतं: चढतं, पडतं, पुन्हा चढतं, आणि मग गप्प. पेट्रोल भलतंच पिते. शेवटी सगळा प्रश्न हवा किती आणि पेट्रोल किती, एवढाच. माझा नियम पक्का आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग ऐकायचं.

सायलेन्सरला नळी लावून ती मागच्या भिंतीतल्या भोकातून समुद्राच्या बाजूला बाहेर काढतो. बंद जागेत बिननळीचं इंजिन चालवणाऱ्या मूर्खांतला मी नाही. शिवाय माझं नाक. पेट्रोल जास्त जळतंय की कमी, हे मला वासावरून कळतं.

यंदा तळघर उबदार आहे. ऑक्टोबरात हवेच्या जाळ्या थंडी अडवणाऱ्या दगडी लोकरीने बुजवून वरून पट्ट्या मारल्या, त्याचा गुण. हे मला आधीच्या हिवाळ्यांत का सुचलं नाही कोण जाणे.

११ जानेवारी, रविवार

रविवारी हत्याराला हात लावत नाही, बाबांचा नियम. उकडलेला कॉड मासा, त्याचं काळीज, गाभोळी. दुपारी गुन्व्होरबरोबर बंधाऱ्यापर्यंत फिरून आलो. डोकं स्वच्छ. वाटेतल्या सगळ्या बोटींची नावं आणि त्यांच्या इंजिनांचे नंबरसुद्धा आठवले. उगाच घाबरलो होतो की काय?

१३ जानेवारी

कुठून हवा चोरून आत शिरते का ते पाहिलं. रबरी नळ्यांवर एकेक करून फवारा मारला. कुठेही आवाज बदलला नाही. हवेचा व्हॉल्व्ह काढून धुतला. काजळीने भरला होता. बसवला, तरी तेच. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय खरं बोलत नाही, त्यामुळे दोन्ही वेळा बराच वेळ चालू ठेवावं लागलं.

डोकं दुखतंय. गुन्व्होरचंही. ती म्हणते, नव्या चष्म्याने. भाचीच्या चर्चमधल्या दीक्षाविधीसाठी पारंपरिक पोशाखाच्या चोळीवर भरतकाम करतेय. दिवसभर गॅरेजच्या वरच्या खोलीत बसते, कारण खालची ऊब जिन्यावाटे तिथे आधी येते.

१५ जानेवारी

रात्रभर बर्फ पडला. वायव्येचा वारा. सकाळी बर्फ फेकायचं यंत्र काढलं आणि सगळा ढीग समुद्राकडच्या भिंतीला कमरेवर येईल इतका लावून दाबून घेतला. वारा येतो तो त्याच बाजूने. बाबा दरवर्षी करायचे. घराला बर्फासारखं पांघरूण नाही. आता आत एक झुळूक येत नाही.

दुपारी इंधनाचा दाब मोजला. बरोबर आहे.

१९ जानेवारी

प्लग काढले. चारही काळे, चुलीतून काढल्यासारखे. म्हणजे गाडी पेट्रोल जास्तच घेतेय, हे नक्की. पण का? पेटीला कोणीतरी खोटं सांगतंय. इंजिन गार आहे असं तिला वाटत असेल तर ती थंडीतल्यासारखं पेट्रोल ओतत राहणार. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर मोजला. ठीक आहे. डॅशबोर्डचा काटाही बरोबर चढतो.

आता दुसरं. मी रोज स्वतःची एक परीक्षा घेतो. प्लग पेटण्याचा क्रम म्हणायचा. एक-तीन-चार-दोन. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. आज म्हणालो, एक-तीन-दोन-चार. आणि चुकलं हे मला कळलंच नाही. पुन्हा म्हणालो, तेच. पुस्तक उघडल्यावर कळलं.

भीती कशी असते ते आज समजलं. पोटात नसते. ती कानांमागे असते, थंड.

२१ जानेवारी

गुन्व्होरने तिसऱ्यांदा टाके उसवले. मोजणी चुकते म्हणते. जिन्यावरून मला हाक मारत होती आणि म्हणे मी तिच्याकडे बघत नुसता उभा होतो.

"तोर्ग्रिम, ऐकतोयस का तू?"

"ऐकतोय."

"मग मी काय म्हणाले, सांग."

सांगता आलं नाही. ती टाके उसवत राहिली. ती माझ्यावर लक्ष ठेवतेय. बाबांवर आई ठेवायची तसं, न बघितल्यासारखं करून.

मग म्हणाली, "मला हल्ली जिना चढला की छातीत धडधडतं."

"वय झालं," मी म्हणालो. तिला काही होत नाही. माझ्यासाठी जागते, म्हणून थकते.

२५ जानेवारी, रविवार

शुक्रवारी संध्याकाळीच निघून ट्रोंडहाइमला गुन्व्होरच्या बहिणीकडे आलो. काल पत्ते खेळलो. सगळ्यांचे सगळे पत्ते माझ्या लक्षात राहत होते. साडूने हात टेकले. "हा माणूस पत्त्यांच्या पाठीतून बघतो!" म्हणाला. मी संडासात गेलो, दार लावलं आणि थोडा वेळ तिथे उभा राहिलो. बाहेर आल्यावर गुन्व्होर म्हणाली, "डोळे का लाल?" मी म्हणालो, "कांदा." कांदा कुणी चिरतच नव्हतं. ती हसली. तिचंही डोकं दुखत नाहीये. बहिणीशी बोलून हलकं वाटलं असेल.

पण मला आनंद होत नाही. बाबांचेही असेच चांगले दिवस यायचे.

२७ जानेवारी

घरी. सकाळपासून गाडीवर. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बदलला. फरक नाही. दुपारी दुधासाठी दुकानात गेलो आणि येताना आमच्याच वळणावरून पुढे निघून गेलो. ज्या वळणावर मी सायकल शिकलो! चर्चपाशी पोचल्यावर ध्यानात आलं. गाडी बाजूला घेतली. बाबांना पोलिस याच चर्चपासून घरी घेऊन आले होते.

ओडलाइफ येऊन गेला.

"काय रे, माझ्या म्हातारीचा काही निकाल?"

"लागेल."

"तुझी तब्येत मात्र झकास. गाल बघ कसे लाल! महिनाभर समुद्रावर होतास जसा."

"काम करतो मी. तुझ्यासारखा खिडकीत नाही बसत."

तो गेल्यावर मी उलटी केली. हे गुन्व्होरला सांगितलेलं नाही.

२९ जानेवारी

गाडी चालू. पाण्याचा सेन्सर मोजला. ठीक. उभ्या गाडीतला सूर तोच. कालचं वाचलं, म्हणजे परवाचं. चर्चचं आठवलं नाही. आठवलं, पण दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

पाण्याचा सेन्सर मोजला. ठीक.

गुन्व्होर झोपलीय. दिवसा. उठवू का? नको.

डॉक्टरकडे जाणार नाही. त्याने एकदा नाव लिहिलं की संपलं. मग सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतील, डॉक्टरांनी आईला बाबांशी बोलायला लावलं होतं तसं. उद्या नगरपालिकेची धुराडेवाली येणार आहे, तिच्यासमोर नीट वागायचं. नाव लक्षात ठेवायचं: इंगेरिद. इंगेरिद.

३ फेब्रुवारी, रुग्णालय

पेन मागून घेतलं. हे सगळं मला नीट आणि क्रमाने लिहायचं आहे.

शुक्रवारी धुराडेवाली आली. पंचविशीची मुलगी, काळा डगला, पाठीला तारेचा ब्रश. धुराडी आणि चुली तपासायला ती ठरलेल्या वर्षी येते. मी गॅरेजमधून वर आलो आणि दार उघडलं.

"या, इंगेरिद," मी म्हणालो. नाव बरोबर आलं, म्हणून मला फार बरं वाटलं.

तिने बूट काढले, दोन पावलं आत टाकली आणि तिच्या छातीवर अडकवलेलं काडेपेटीएवढं यंत्र किंचाळायला लागलं. तिने ते बघितलं, मग मला बघितलं.

"चूल कधी पेटवली?"

"आज नाही पेटवली. हात लावून बघा."

तिने बघितलं. चूल गार होती. तिचा चेहरा बदलला. "मग हे काय चालू आहे खाली?"

"इंजिन. त्याला नळी आहे. नळी बाहेर काढलेली आहे. मी काही..."

"घरात आणखी कोण आहे?"

मला आठवेना. देवाशपथ लिहितो, त्या क्षणी मला आठवेना. ती ओरडली, "अहो, बायको कुठे आहे तुमची? बायको!"

"झोपलीय. वरच्या खोलीत. चष्म्याने डोकं दुखतं तिचं."

ती सगळी दारं सताड उघडत जिन्याने धावली. मी तिच्या मागून चढलो, आणि पाय माझे नव्हते. गुन्व्होर खुर्चीत होती, चोळी मांडीवर, सुई बोटांत. गाल लाल, तान्ह्या मुलासारखे. आम्ही दोघांनी तिला काखेत धरून बाहेर आणलं आणि बर्फात झोपवलं. मी तिला हाका मारत होतो. इंगेरिद फोनवर पत्ता सांगत होती आणि मधेच माझ्यावर खेकसत होती: "तुम्ही आत जायचं नाही! इंजिनाचं मी बघते! तुम्ही श्वास घ्या, तेवढंच करा!"

गुन्व्होरने डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य काय बोलली? "माझी चोळी ओली होतेय."

चाळीस वर्षं मी म्हणत आलो, माझं नाक. ज्या वायूला वासच नाही त्यापुढे नाक काय करणार? डॉक्टरीण म्हणाली, रक्तात कार्बन मोनॉक्साइड इतका होता की आणखी थोडा वेळ गेला असता तर... मी तिला पुढे बोलू दिलं नाही. डोक्याचं विचारलं. म्हणाली, परत येईल, बहुतेक सगळं. त्या 'बहुतेक'ला मी रात्रभर उशाशी घेऊन पडलो होतो.

इंगेरिदने मागून सांगून पाठवलं: भिंतीतलं भोक बाहेरून दाबलेल्या बर्फाखाली पूर्ण बंद होतं. नळीचे सांधे आधीपासूनच गळत होते; भोक बुजल्यावर सगळाच धूर त्यांतून परत आत येत होता. आणि जाळ्या मी स्वतः बुजवल्या होत्या. वरून पट्ट्या मारून.

६ फेब्रुवारी

घरी आलो. सगळी लोकर ओढून काढली. भिंतीचा बर्फ फावड्याने, एकट्याने, बसत बसत.

लाल गाडी ओडलाइफच्या मदतीने बाहेर अंगणात ढकलली.

"बघ, सवय आहे मला हिला ढकलायची," तो म्हणाला, आणि मग त्याने माझ्या गालांकडे बघितलं. "तोर्ग्रिम, ते गालांचं... मला काय माहीत..."

"तुला काय माहीत असणार. दार धर."

उघड्यावर बॉनेट उचललं. थंडी अशी की बोटं लोखंडाला चिकटत होती. आणि काय सांगू, ते लगेच दिसलं. या इंजिनावर पाण्याचे सेन्सर दोन असतात. एक डॅशबोर्डच्या काट्याचा, दुसरा पेटीचा, एकमेकांना खेटून. हे मला कायमचं माहीत आहे, दुसऱ्यांना मीच सांगत आलोय. पेटीच्या सेन्सरच्या जोडावर वर्षानुवर्षांची धूळ तेलात मुरून घट्ट बसली होती. तिला कुणाच्याही बोटाचा स्पर्श झालेला नव्हता. मी सगळ्या वेळा काट्याचाच सेन्सर मोजत होतो आणि 'ठीक' लिहीत होतो.

पेटीचा काढला. आतून तुटलेला. तापलेलं इंजिनही तिला बर्फातलंच वाटत होतं.

नवा बसवला. इंजिन एका सुरात चाललं. ओडलाइफ टोपी काढून ऐकत उभा राहिला. मी ऐकत नव्हतो. मी म्हणत होतो, एक-तीन-चार-दोन. एक-तीन-चार-दोन.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणून हत्याराला हात नाही. कॉड, काळीज, गाभोळी. सगळी डायरी पहिल्यापासून वाचली. बरंचसं आठवलं. २९ तारखेचं आठवत नाही, आणि आठवावं असं वाटतही नाही. आजार नाही. मला बाबांचा आजार नाही. हे मी गुन्व्होरला मोठ्याने सांगितलं, पहिल्यांदाच. आणि मला कशाची भीती होती तेही. तिने माझा हात धरला.

"मला वाटत होतं, तू माझ्यावर चिडलायस," ती म्हणाली. "आणि मी तुझ्यासाठी आईंसारखं गप्प राहायला शिकत होते."

मग बराच वेळ ती खिडकीतून समुद्राकडे बघत बसली. तिची कॉफी गार झाली.

"तोर्ग्रिम, तुझे बाबा हिवाळ्यात खाली काय करायचे?"

"बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. अख्ख्या गावाची. पाण्याच्या पिंपात उभी करून चालवून बघायचे."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात समुद्रावर." मी म्हणालो. "उन्हाळ्यात..."

मी उठून खाली गेलो. दार सताड उघडं होतं, वारा आत खेळत होता. कोपऱ्यात पिंप अजून आहे. त्यात मी भंगार टाकतो. पिंपाच्या वर छत काळं आहे. लहानपणापासून बघतोय मी ते छत.

मग मागच्या भिंतीतल्या भोकापाशी जाऊन उभा राहिलो. बाहेरचा पांढरा उजेड त्यातून आत येत होता. ते भोक मी पाडलंय. ज्या वर्षी गाड्यांचं काम घेतलं, त्या वर्षी. बाबांच्या वेळी ते नव्हतं.